उसाच्या बिलावर सरकार किती ठिकाणी असतं

उसाचं बिल समोर ठेवा. वाहनाचा नंबर, खेप, टनेज, दर, सोसायटीची वसुली आणि शेवटी बँकेत जमा होणारी रक्कम. दराच्या रकान्यातला आकडा बहुतेक वेळा तोडणी-वाहतूक वजा जाऊनच आलेला असतो. गावातली चर्चा ‘शेजारच्या कारखान्यानं किती दिला’ इथंच थांबते. तो आकडा ठरवण्याचा अधिकार कुणाचा, तो पाळला गेला नाही तर वसुली कुणी करायची आणि जाब कुणाला विचारायचा, याची उत्तरं तीन वेगवेगळ्या ठिकाणी आहेत. आपली बरीच निवेदनं चुकीच्या टेबलावर पडतात ती यामुळंच.

‘संसदेनं एफआरपी वाढवली’ हे वाक्य कोल्हापुरात दरवर्षी ऐकू येतं. एफआरपी म्हणजे उसाचा ‘रास्त आणि किफायतशीर दर’, कारखान्यानं शेतकऱ्याला द्यायचा किमान दर. संसद त्यावर कधीच मतदान करत नाही. संसदेनं केलाय तो १९५५ चा अत्यावश्यक वस्तू कायदा. त्याच्या व्याख्येतच लिहिलंय की अन्नपिकांमध्ये ऊस येतो. कलम ३ नं केंद्र सरकारला, म्हणजे कार्यकारी शाखेला, अशा वस्तूंचं उत्पादन, पुरवठा आणि किंमत यांबद्दल आदेश काढायचा अधिकार दिला. त्या अधिकारात १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश निघाला. एफआरपी, पैसे द्यायची चौदा दिवसांची मुदत, उशीर झाला तर पंधरा टक्के व्याज हे सगळं या आदेशात आहे, कायद्यात नाही. आदेशाच्या खाली दरवर्षीचा दर येतो. कायदा, त्याखाली आदेश, त्याखाली अधिसूचना अशी ही उतरंड आहे. कायद्यातला स्वल्पविराम बदलायचा तरी दोन्ही सभागृहं आणि राष्ट्रपतींची सही लागते. आदेश मंत्रालयाच्या अधिसूचनेनं बदलतो. दर तर मंत्रिमंडळाच्या एका बैठकीत ठरतो.

त्या बैठकीपर्यंत कागद कसा जातो तेही बघू. कृषी खर्च व मूल्य आयोग उत्पादन खर्च, उतारा (म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेची टक्केवारी), साखरेचे भाव, इतर पिकांतून मिळणारा परतावा हे पाहून शिफारस करतो. आयोग कृषी मंत्रालयाच्या अखत्यारीत असला तरी पुढचा प्रस्ताव तयार करतो तो अन्न व सार्वजनिक वितरण विभाग. संबंधित मंत्रालयांचे अभिप्राय घेतले जातात आणि टिपण मंत्रिमंडळाच्या आर्थिक व्यवहार समितीपुढं जातं. २०२५-२६ च्या हंगामाचा दर या समितीनं ३० एप्रिल २०२५ ला मंजूर केला: १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागं ३५५ रुपये, त्यावर उताऱ्याच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये. उतारा कमी असेल तर त्याच हिशेबानं कपात, पण साडेनऊ टक्क्यांच्या खाली कपात नाही. तिथं ३२९.०५ रुपये ही तळाची किंमत.

आपल्याकडच्या उताऱ्याला हे लावून बघा. समजा कारखान्याचा उतारा १२.२५ टक्के आहे. १०.२५ च्या वर दोन टक्के, म्हणजे ०.१ चे वीस टप्पे. वीस गुणिले ३.४६ म्हणजे ६९.२० रुपये. ३५५ मध्ये मिळवले की क्विंटलला ४२४.२०, टनाला ४,२४२ रुपये. हा दर कारखान्याच्या दारात पोचलेल्या उसाचा आहे, म्हणून तोडणी-वाहतूक यातून वजा होते. ती समजा टनाला ८५० रुपये असेल तर हातात ३,३९२ यायला हवेत. हिशेब एवढाच आहे. वाद होतो तो यातल्या दोन आकड्यांवरून. उतारा कुठल्या हंगामाचा धरला, आणि तोडणी-वाहतुकीत नेमकं काय काय घातलं. इथेनॉलसाठी बी-हेवी मळी (साखर पूर्ण काढून न घेतलेली मळी) किंवा रस वळवला की साखर कमी निघते आणि उतारा कागदावर घसरलेला दिसतो. तेवढी साखर हिशेबात परत मिळवून उतारा धरावा लागतो. कारखान्याला दोन ओळींचं पत्र देऊन हे दोन आकडे लेखी मागावेत, तोंडी नकोत.

आता संसदेचा यावर ताबा काय उरतो? बराच उरतो, फक्त तो वापरावा लागतो. कलम ३ खालचा केंद्राचा प्रत्येक आदेश दोन्ही सभागृहांच्या पटलावर ठेवावा लागतो. अधीनस्थ विधानविषयक समिती असे आदेश आणि नियम मूळ कायद्याच्या चौकटीत बसतात का ते तपासते. आणि आपल्या पद्धतीत मंत्री संसदेतच बसतो. अमेरिकेत मंत्रिपद घेणाऱ्याला काँग्रेसची जागा सोडावी लागते. आपल्याकडं उलट, जो संसदेचा सदस्य नाही तो सहा महिन्यांपेक्षा जास्त मंत्री राहू शकत नाही. मंत्रिमंडळ सामूहिकरीत्या लोकसभेला जबाबदार आहे असं राज्यघटनेच्या अनुच्छेद ७५ मध्ये लिहिलंय. या जबाबदारीचं रोजचं रूप म्हणजे प्रश्नोत्तराचा तास.

खासदाराकडं प्रश्न घेऊन जाणार असाल तर काही गोष्टी माहीत हव्यात. लोकसभेत प्रश्नाची सूचना किमान पंधरा पूर्ण दिवस आधी द्यावी लागते, म्हणजे अधिवेशन सुरू झाल्यावर धावपळ करून उपयोग नाही. मंत्रालयांचे वार ठरलेले असतात, त्यामुळं एका खात्याची पाळी आठवड्यातून एकदाच येते. दिवसाला २० तारांकित प्रश्न यादीत लागतात आणि ते सोडतीनं ठरतात. त्यांना मंत्री सभागृहात उभं राहून उत्तर देतो, वर उपप्रश्न विचारता येतो. पण तासाभरात त्यातले थोडेच होतात. अतारांकित २३० असतात, त्यांची उत्तरं फक्त लेखी. माझ्या मते आकडेवारी हवी असेल तर अतारांकितच बरा: उत्तर हमखास मिळतं, संसदेच्या संकेतस्थळावर कायमचं राहतं, आणि पुढं न्यायालयातही दाखवता येतं. प्रश्न साधारण १५० शब्दांत बसला पाहिजे. खात्याचं नाव अचूक हवं: एफआरपीचा प्रश्न ग्राहक व्यवहार, अन्न व सार्वजनिक वितरण मंत्रालयाचा आहे. ‘साखर कारखाना सहकारी आहे’ म्हणून तो सहकार मंत्रालयाला टाकला तर खातं बदलण्यातच वेळ जातो. कोल्हापूर आणि हातकणंगले असे लोकसभेचे दोन मतदारसंघ जिल्ह्यात आहेत. शिरोळचा शेतकरी हातकणंगलेत येतो, कागलचा कोल्हापुरात. राज्यसभेचे खासदारही प्रश्न विचारू शकतात हे सगळेच विसरतात.

उत्तरात ‘माहिती गोळा केली जात आहे, सभागृहाच्या पटलावर ठेवली जाईल’ असं आलं तर निराश होऊन कागद फेकू नका. ते संसदेच्या भाषेत आश्वासन ठरतं. त्याची नोंद होते, तीन महिन्यांत ते पूर्ण करायचं असतं आणि शासकीय आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करते. तीन महिन्यांनी खासदारांना त्याची आठवण करून देणारं पत्र लिहिणं हे आपलं काम.

कार्यकारी शाखेचा हात किती झटकन फिरतो हे २०२३ च्या डिसेंबरात दिसलं. ७ डिसेंबरला केंद्रानं कारखान्यांना २०२३-२४ च्या पुरवठा वर्षात उसाच्या रसापासून इथेनॉल करायचं तत्काळ थांबवायला सांगितलं. गाळप ऐन भरात होतं. संसदेचं हिवाळी अधिवेशनही चालू होतं, पण या निर्णयाला विधेयक लागलं नाही, चर्चा लागली नाही. साखर नियंत्रण आदेशात तो अधिकार आधीपासून होता. कारखान्यांचा विरोध झाल्यावर १५ डिसेंबरला १७ लाख टन साखरेच्या मर्यादेपर्यंत वळवायला मुभा मिळाली. आठ दिवसांत दोन आदेश. ज्यांनी रस डोळ्यांपुढं ठेवून आसवनीवर, म्हणजे इथेनॉलच्या प्रकल्पावर, कर्ज काढलं होतं त्यांच्या ताळेबंदावर या आठ दिवसांचा परिणाम झाला, आणि कारखान्याचा ताळेबंद अडला की बिल अडतं. एवढा मोठा अधिकार आदेशातून वापरला जातो म्हणून आदेश वाचायची सवय लावून घ्यायला हवी.

कायद्याचं स्वतःचं चक्र याहून हळू, पण तेही बहुमत असलं की वेग घेतं. याच अत्यावश्यक वस्तू कायद्यात ५ जून २०२० ला अध्यादेशानं दुरुस्ती झाली. अध्यादेश म्हणजे संसद बसलेली नसताना मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं राष्ट्रपतींनी काढलेला तात्पुरता कायदा. संसद पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांत तो मंजूर झाला नाही तर संपतो. सप्टेंबर २०२० मध्ये त्याचा कायदा झाला. जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं यासह तिन्ही कृषी कायद्यांना स्थगिती दिली, आणि २९ नोव्हेंबर २०२१ ला ते मागे घेणारं विधेयक दोन्ही सभागृहांत एकाच दिवसात मंजूर झालं. दीड वर्षात कायदा आला आणि गेला.

याच्या उलट टोक इचलकरंजीच्या यंत्रमाग कामगारांना विचारा. वेतन संहितेवर राष्ट्रपतींची सही ८ ऑगस्ट २०१९ ला झाली, बाकीच्या तीन कामगार संहितांवर सप्टेंबर २०२० मध्ये. चारही संहिता लागू झाल्याची अधिसूचना निघाली २१ नोव्हेंबर २०२५ ला. मधली वर्षं कायदा मंजूर होता आणि लागू नव्हता. कारण कायद्याच्या पहिल्याच कलमात लिहिलेलं असतं: केंद्र सरकार राजपत्रात जी तारीख जाहीर करील त्या तारखेपासून हा अमलात येईल. असं वाक्य नसेल तर मात्र राष्ट्रपतींची संमती मिळाली त्याच दिवसापासून कायदा लागू. म्हणून पेपरात ‘विधेयक मंजूर’ अशी बातमी आली की आधी कलम १ बघावं. कामगार हा विषय समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्याही अधिकारात, असल्यानं राज्याचे नियमही लागतात, आणि यंत्रमागाच्या शेडमध्ये येणारा निरीक्षक राज्य सरकारचाच असतो.

आता राज्य कुठं येतं ते बघू. माझ्या मते सगळ्यात जास्त गोंधळ इथंच होतो.

शेती राज्याचा विषय. साखर उद्योग संसदेनं केंद्राच्या नियंत्रणात घेतलेला. अन्नपदार्थांचा व्यापार आणि पुरवठा समवर्ती सूचीत, म्हणजे दोघांचाही. २१ फेब्रुवारी २०२२ ला महाराष्ट्र सरकारनं शासन निर्णय काढून एफआरपी दोन टप्प्यांत द्यायला परवानगी दिली. पुणे महसूल विभागात, म्हणजे आपल्याकडं, पहिला हप्ता १० टक्के उतारा धरून द्यायचा आणि उरलेली रक्कम हंगाम संपल्यावर त्याच हंगामाचा प्रत्यक्ष उतारा काढून. आधी मागच्या हंगामाचा उतारा धरून एकरकमी हिशेब व्हायचा. २०२१-२२ चा दर १० टक्क्यांना २९० रुपये क्विंटल होता आणि पुढच्या प्रत्येक ०.१ ला २.९० रुपये. १२.२५ उतारा असलेल्या कारखान्याला २२.५ टप्प्यांचे पैसे मागं ठेवता आले, म्हणजे टनाला ६५२.५० रुपये. एकरी पन्नास टन पिकवणाऱ्याचे एकरामागं बत्तीस हजारांवर रुपये काही महिने अडकले, आणि सोसायटीचं व्याज मात्र चालूच राहिलं. जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत ‘एकरकमी’ हा शब्द एवढा का गाजतो, ते या आकड्यात आहे.

शेतकरी नेते राजू शेट्टी यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये हा शासन निर्णय रद्द केला. कारण सरळ आहे. शासन निर्णय हा राज्याच्या कार्यकारी शाखेचा कागद आहे. समवर्ती विषयात संसदेच्या कायद्यानं केंद्राला अधिकार दिला असेल तर राज्याचा कार्यकारी अधिकार त्याच्या मर्यादेत राहतो, असं अनुच्छेद १६२ सांगतो. केंद्राचा आदेश चौदा दिवस म्हणतो, तर राज्याचा शासन निर्णय त्याला हंगामाच्या शेवटापर्यंत ताणू शकत नाही. राज्य विधिमंडळानं रीतसर कायदा केला असता तरी तो केंद्रीय कायद्याशी विसंगत ठरल्यास अनुच्छेद २५४ प्रमाणं राष्ट्रपतींची संमती लागली असती.

याचा अर्थ राज्याला काहीच करता येत नाही असा नाही. उत्तर प्रदेश स्वतःच्या कायद्याखाली राज्य परामर्शित किंमत ठरवतो, ती केंद्राच्या दरापेक्षा जास्त असते, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठानं २०२० मध्ये ते वैध ठरवलं. केंद्राचा दर हा तळ आहे, राज्य त्याच्यावर देऊ शकतं, खाली ओढू शकत नाही. महाराष्ट्रानं २०१३ च्या कायद्यानं वेगळा रस्ता धरला: ऊस दर नियंत्रण मंडळ आणि उत्पन्न वाटणीचं सूत्र. साखर आणि भुसा, मळी, प्रेसमड या प्राथमिक उपपदार्थांच्या उत्पन्नाचा ७० टक्के वाटा किंवा नुसत्या साखरेच्या उत्पन्नाचा ७५ टक्के वाटा उसाला. हा आकडा एफआरपीपेक्षा जास्त निघाला तर फरक मिळतो, कमी निघाला तरी एफआरपी हलत नाही. दोन कारखान्यांतल्या अंतराचंही तसंच: केंद्राच्या आदेशात किमान १५ किलोमीटर, राज्यानं केंद्राची पूर्वपरवानगी घेऊन ते २५ केलं.

पैसे थकले की काम पूर्णपणे राज्याच्या यंत्रणेकडं येतं. दर दिल्लीत ठरतो, वसुली नागाळा पार्कातल्या जिल्हाधिकारी कार्यालयातून होते. मधली पायरी पुण्याचं साखर संकुल, म्हणजे साखर आयुक्तांचं कार्यालय. प्रादेशिक साखर सहसंचालक कारखान्याकडून पंधरवड्याचा अहवाल घेतात, थकबाकी दिसली की साखर आयुक्त सुनावणी ठेवतात आणि मग महसुली वसुली प्रमाणपत्र, म्हणजे आरआरसी, निघतं. जिल्हाधिकारी जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली करतात: साखर, मळी, भुसा जप्त, लागलं तर जंगम आणि स्थावर मालमत्ता. जिल्हाधिकाऱ्यांना दर वाढवायचा अधिकार नाही, त्यांच्या दारात दरासाठी बसून उपयोग नाही. प्रमाणपत्र आल्यावर वसुली का झाली नाही, हे मात्र त्यांनाच विचारायचं.

ही वसुली अडते ती बहुतेकदा गोदामात. साखर बँकेकडं मालतारण असते, पोत्यांवर पहिला हक्क बँक सांगते. तहसीलदार पंचनामा करून सील लावतो आणि गाडी तिथंच थांबते. दुसरं कारण विक्रीचं. दर महिन्याला कुठल्या कारखान्यानं किती साखर विकायची ते केंद्र ठरवून देतं, त्यामुळं जप्त साखरही मनाला येईल तेव्हा बाजारात काढता येत नाही. म्हणून आरआरसी निघायच्या आधी, सुनावणीच्या टप्प्यावरच कारखान्याकडं तारण नसलेला साठा किती आहे हे नोंदवून घेण्याचा आग्रह धरावा.

काट्याचंही थोडं सांगतो, कारण काटामारीचं निवेदनही बरेचदा साखर सहसंचालकांकडं जातं. वजनमापांचं प्रमाण ठरवणं ही केंद्राची बाब, त्यासाठी २००९ चा वैध मापनशास्त्र कायदा संसदेनं केला. वजनमापांचं बाकीचं नियमन समवर्ती सूचीत आहे, आणि काट्याची पडताळणी करून शिक्का मारणारा निरीक्षक राज्याच्या वैध मापन यंत्रणेचा. तक्रार त्याच्याकडं करायची. तक्रारीत ‘काटा मारतात’ एवढंच लिहून भागत नाही. भरलेल्या वाहनाची बाहेरच्या काट्यावरची पावती, कारखान्याची स्लिप, दोन्हींवरची वेळ आणि रिकाम्या वाहनाचं वजन जोडा. रिकाम्याचं वजन प्रत्येक खेपेला नव्यानं घेतलं की जुनं धरलं हे आधी बघा. फरक कितीतरी वेळा तिथं सापडतो.

शेवटी चौदा दिवसांच्या अटीतली एक मेख. नियंत्रण आदेश म्हणतो की ऊस पोचल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे, ‘उभयपक्षी लेखी करार वेगळा नसेल तर’. ऊस नोंदणीच्या वेळी सही घेतलेल्या छापील कागदात हप्त्यांना संमती असल्याची एक ओळ असू शकते. सही करण्याआधी ती ओळ शोधा, मान्य नसेल तर खोडून बाजूला सही करा आणि प्रत मागून घ्या. असा करार नसेल तर पंधराव्या दिवसापासून वर्षाला पंधरा टक्क्यांनी व्याज चालू होतं. एक लाख रुपये साठ दिवस उशिरा आले तर १,००,००० गुणिले १५ भागिले १०० गुणिले ६० भागिले ३६५, म्हणजे २,४६६ रुपये. हे व्याज बिलात आपोआप येईल या भरवशावर राहू नका. अर्ज कारखान्याच्या नावे, प्रत प्रादेशिक साखर सहसंचालकांना, सोबत खेपांच्या स्लिपा आणि बँकेच्या पासबुकाचं पान. अर्जात ऊस पोचल्याची तारीख, पैसे जमा झाल्याची तारीख आणि चौदा दिवस वगळून उरलेले दिवस प्रत्येक पंधरवड्याचे वेगवेगळे मांडायचे. आवक नंबर आणि शिक्का घेतल्याशिवाय टेबलावरून उठायचं नाही. प्रकरण पुढं रिट याचिकेत गेलंच तर १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच बसतंय, आणि तिथं पहिल्यांदा हाच आवक नंबर विचारला जातो.